डावा मागचा पाय

पाणथळीच्या काठावर बिबट्याचे ठसे उमटलेत, ही बातमी वनपालबाईला जीपच्या ड्रायव्हरकडून कळली. म्हणजे तोवर ती सगळ्या जगाला कळलेली होती. या ड्रायव्हरला ऑफिसात बुलेटिन म्हणत, आणि उगाच म्हणत नसत.

“मॅडम, पार्टी पाहिजे,” जीप थांबवायच्या आधीच तो ओरडला. “पाहुणे आलेत.”

“कोण पाहुणे?”

“ठिपकेवाले.”

ती त्या वेळी डोंगराच्या वरच्या अंगाला कुंपणाचे मोडलेले खांब बघत होती. हातातली पक्कड तिने पिशवीत टाकली आणि ती जीपमध्ये बसली. आनंद झाला नव्हता असं नाही. पण हा आनंद फारच वेळेवर आला होता.

राष्ट्रीय उद्यानाची हद्द नव्याने आखली जात होती. डोंगर आत राहणार, याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण डोंगर कुणालाच नको होता. भांडण होतं ते खालच्या पाणथळीच्या पट्ट्यासाठी. दोन डोंगरांच्या मधली ती चिंचोळी, लव्हाळ्यांची, दलदलीची जागा. एका डोंगरावरून दुसऱ्यावर जायचं तर जनावराला तेवढी एकच वाट. आणि रिसॉर्ट बांधायला तेवढी एकच सपाट जागा. रिसॉर्टवाल्यांचं म्हणणं सोपं होतं: इथून एकही मोठं जनावर जात नाही, मग राखताय काय, बेडूक? ऑफिसने दोनदा कॅमेरे लावले, दोन्ही वेळा चोरीला गेले. आता सीमा समिती प्रत्यक्ष पाहणीला येणार होती. त्याआधी जनावराचा माग मिळाला तर पट्टा उद्यानात राहणार, नाही मिळाला तर जाणार. एकदा गेला की तिथे आधी मुरूम पडणार, मग भिंत.

आणि समिती तीन दिवसांवर आली असताना माग मिळाला होता.

पाणथळीवर साहेब स्वतः उभे होते. परिक्षेत्राचे अधिकारी असूनही ते खाली फारसे येत नसत. त्यांना कागदावरचं जंगल जास्त आवडायचं, आणि त्यात काही खोटं नव्हतं, कागदावर ते उत्तम जंगल राखत. आज मात्र पँट घोट्यापर्यंत दुमडून ते काठावरच्या सपाट दगडावर उभे होते, आणि चिखलात ठिकठिकाणी घमेली पालथी घातलेली होती.

“या, या बाई,” ते म्हणाले. “झाकून ठेवलेत सगळे. चांगल्यातले निवडून साचे घ्या. बाकीचे तसेच राहू द्या, समितीला दाखवायचेत.”

“कुणाला दिसले पहिल्यांदा?”

“मलाच. सकाळी सहज आलो होतो.”

साहेब सहज कुठे जात नसत. पण वरिष्ठांच्या ‘सहज’ला प्रश्न विचारायचा नसतो, एवढं तिला नोकरीने शिकवलं होतं. तिने पहिलं घमेलं उचललं. ठसा बघण्यासारखा होता. चार बोटं, मागे गादी, कडा सुरीने कापल्यासारख्या. तिने भोवती पत्र्याचं कडं बसवलं, प्लास्टर कालवलं आणि हलक्या हाताने ओतलं. मग दुसरा, मग तिसरा. काम पटापट झालं. इतकं पटापट की संपल्यावर तीच जरा बावचळली. काहीतरी करायचं राहून गेलंय असं वाटत होतं, गॅस बंद केला की नाही असं घराबाहेर पडल्यावर वाटतं तसं. तिने सामान तपासलं. सगळं होतं.

“काय हो, आनंद नाही झाला?” साहेबांनी विचारलं.

“झाला ना साहेब.”

“मग चेहरा असा का, पाहुणे जेवायलाच बसलेत असा?”

बुलेटिन खो खो हसला. तीही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात तिने सुकलेले साचे बादलीत धुतले, जुन्या दात घासायच्या ब्रशने माती काढली आणि टेबलावर ओळीने मांडले. प्लास्टरची ती पांढरी पावलं एकमेकांशेजारी ठेवली तेव्हा काल काय राहून गेलं होतं ते तिला कळलं. शोधणं राहून गेलं होतं.

माग घ्यायची या खात्याची एक जुनी रीत होती. जनावराला पाय चार, पण साचा घ्यायचा तो फक्त डाव्या मागच्या पायाचा. एका जनावराची कागदावर चार जनावरं होऊ नयेत म्हणून कधीतरी कुणीतरी हा नियम घातला आणि सगळे तो पाळत आले. त्यामुळे मागावर बसलं की पहिलं काम असायचं ते नको असलेले पाय बाजूला काढण्याचं. पुढचा पाय रुंद, तो सोडा. सगळ्यांत पुढे आलेलं बोट मध्यापासून डावीकडे असेल तर पाय उजवा, तोही सोडा. उकिडवं बसून, मान वाकडी करून, कधी कधी दुपार जायची तेव्हा एक धड डावा मागचा मिळायचा. तिला हे सासऱ्यांनी शिकवलं होतं. आबा याच जंगलात वनरक्षक म्हणून निवृत्त झाले होते, आणि सून त्याच खात्यात लागली तेव्हा पोराच्या नोकरीला झाला नव्हता एवढा आनंद त्यांना झाला होता.

काल मात्र तिने काहीच सोडलं नव्हतं. जे घमेलं उचललं त्याखाली डावा मागचा. तिला निवडावं लागलं नाही, आणि म्हणूनच आधी लक्षात आलं नाही. हवं तेच हातात पडत असलं की माणूस का म्हणून विचारत नाही.

“मॅडम, एकाच पायाच्या चपला विकत आणल्यासारखं दिसतंय हे,” चहाचा कप घेऊन आलेला बुलेटिन टेबलाकडे बघत म्हणाला.

तिने साच्यांवर वर्तमानपत्र टाकलं. “तुला काय कळतं त्यातलं?”

“काही नाही. म्हणूनच म्हटलं.”

ती एकटीच पाणथळीवर गेली. उरलेली सगळी घमेली एकेक करून उचलली आणि परत झाकली. डावा मागचा. डावा मागचा. डावा मागचा. बिबट्या एका पायावर लंगडी घालत पाणथळ ओलांडून गेला होता, आणि तीही अशी की एकदाही त्याने काठावरच्या सपाट दगडांपासून हातभर लांब पाऊल टाकलं नव्हतं. दगडावर उकिडवं बसलेल्या माणसाचा हात जिथवर पोहोचेल तिथवरच तो बिबट्या गेला होता.

कुठे पाणी मुरतंय याचा विचार करायला फार अक्कल लागत नव्हती. बाहेरच्या माणसाने खोटे ठसे उमटवले असते तर कुठूनही कसलेही पाय आणून उमटवले असते. फक्त डावा मागचा, ही चूक करायला खात्यातलाच माणूस हवा. ज्याच्याकडे जुने साचे आहेत असा. कारण खात्याच्या जुन्या साच्यांत दुसरा पायच नव्हता.

आणि जुने साचे कुठे होते, ते तिला पक्कं माहीत होतं. तिच्या घरी.

कॅमेरे आले तेव्हा ऑफिसातलं साच्यांचं कपाट रिकामं करायचा हुकूम सुटला होता. आबांचं निवृत्तीचं वर्ष होतं ते. भंगारात जाणारी एक पेटी ते खांद्यावर टाकून घरी घेऊन आले. “लोक निवृत्त होताना घड्याळ आणतात,” तिचा नवरा आल्यागेल्याला सांगायचा, “आमच्या आबांनी पाय आणले.” पेटी मधल्या खोलीत कपाटावर चढली ती तिथेच राहिली.

संध्याकाळी घरी पोहोचली तेव्हा आबा फिरायला गेले होते. नवरा स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. ती चप्पल न काढताच मधल्या खोलीत गेली, स्टूल ओढलं आणि वर चढली. पेटीवर बोटभर धूळ होती, झाकणावर मात्र मधोमध पुसल्यासारखा पट्टा. आत साचे जुन्या कापडात गुंडाळून एकमेकांना टेकवून ठेवलेले, अंड्यांच्या ट्रेसारखे. एका जागी नुसतंच रिकामं कापड होतं.

“अगं, काय शोधतेस?” नवऱ्याने आतून विचारलं.

“काही नाही. जाळी काढते.”

“चप्पल घालून?”

जेवताना तिने आबांकडे नीट पाहिलं. म्हणजे पाहायचं नाही असं ठरवून पाहिलं. या माणसाने तीस वर्षं ती पाणथळ राखली होती. पट्टा जाणार म्हणून कळल्यापासून त्यांचं जेवण कमी झालं होतं. दार लागलं तरी दचकून बघत.

“आबा, हल्ली फिरायला कुठल्या बाजूला जाता?”

“जातो इकडे तिकडे. का गं?”

“गुडघा दुखतो म्हणत होतात.”

“दुखतो म्हणून बसून राहू? गंज चढेल.”

“काठीला चिखल होता. रस्त्यावर तर कुठे चिखल नाही.”

आबांचा घास हातातच राहिला. “सूनबाई, चौकशी चाललीय का माझी? तसं असेल तर दोन साक्षीदार बोलाव, मग उत्तर देतो.”

“पाणथळीवर जाता ना?”

“जातो! लांबून बघून येतो. ती बंदी केव्हापासून आली?”

“ठसे तुम्हीच...” ती एवढं बोलून थांबली, पण तेवढं पुरलं.

नवऱ्याने ताटातून मान वर केली. “काय म्हणालीस?”

“वरच्या पेटीतला एक साचा नाहीये.”

खाई त्याला खवखवे, असं तिला त्या क्षणी वाटलं, कारण आबांच्या चेहऱ्यावरचा राग विझला आणि तिथे भीती आली. ते ताट सारून उठले आणि हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू राहिला.

“शाबास,” नवरा म्हणाला. “बिबट्या पकडता येत नाही म्हणून आता बाप पकड माझा.”

“मग साचा गेला कुठे?”

“मला काय विचारतेस? तू वनपाल, मी कांदे चिरणारा.”

सकाळी ती निघायच्या तयारीत असताना आबा दारात येऊन उभे राहिले. दाढी केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, ड्युटीवर निघाल्यासारखे.

“साचा तुझ्या साहेबाला दिलाय,” ते म्हणाले. “मागच्या महिन्यात घरी आले होते. तू डोंगरावर होतीस. माहिती केंद्रात काचेच्या कपाटात ठेवतो म्हणाले, खाली नाव लिहितो म्हणाले. माझं.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“नको म्हणाले. सरकारी वस्तू घरात ठेवलीय, हे बाहेर आलं तर सुनेवर शेकेल म्हणाले. हसत हसतच म्हणाले, पण म्हणाले.” त्यांनी गळ्याचं बटण चाचपलं. “काल तू विचारलंस तेव्हा मला वाटलं, शेकलं.”

तिला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्या मनात आधी आलं ते दुसरंच: हे खरं कशावरून? संशय एकदा घरात शिरला की तो दाराने बाहेर जात नाही. ती निघाली आणि ऑफिसच्या आधी माहिती केंद्रावर गेली. काचेच्या कपाटात पेंढा भरलेलं एक घुबड होतं, वाळलेल्या बिया होत्या, अभ्यागतांनी थुंकू नये अशी पाटी होती. पाऊल नव्हतं. तिकिटं देणाऱ्या बाईला तिने विचारलं, साहेबांनी काही आणून दिलंय का इथे मांडायला. “साहेबांनी?” बाई म्हणाली. “साहेबांनी मागच्या वर्षी पंखा देतो म्हणून सांगितलंय, तोच अजून येतोय.”

मग ती साहेबांच्या खोलीत गेली. टेबलावरच्या काचेखाली उद्यानाचा नकाशा होता, त्यात पाणथळीचा पट्टा पिवळ्या पेन्सिलने रंगवलेला. ती नकाशाकडे बघतच बोलली.

“साहेब, घमेली काढून टाकू का? साचे आहेतच. चिखल सुकत चाललाय, ठसे फाटतील.”

“नाही, नाही. अध्यक्षबाईंना जमिनीवरचंच पाहायचंय. आणि तो तज्ज्ञही येतोय.”

“कोण तज्ज्ञ?”

“रिसॉर्टवाल्यांचा. समितीने परवानगी दिलीय त्याला.” साहेबांनी चष्मा काढून पुसला. “येऊ दे. आपलं खरं आहे, मग भ्यायचं कशाला?”

बाहेर व्हरांड्यात येऊन ती खांबाला टेकून उभी राहिली. आता दोन साहेब तिच्या डोळ्यांपुढे होते. एक, ज्याने जंगल वाचावं म्हणून भाबडेपणाने खोटं केलं, आणि पुस्तकात डावा मागचा पाय वाचला म्हणून फक्त डावा मागचाच उमटवला. दुसरा, ज्याने हे सगळं पकडलं जावं म्हणूनच केलं. विरोधकांचा तज्ज्ञ येणार, घमेलं उचलणार, हसणार, आणि त्या हसण्यात पट्टा तर जाणारच, पण पुढे कधी खराखुरा बिबट्या येऊन ऑफिसच्या पायरीवर बसला तरी या ऑफिसचं कुणी ऐकणार नाही. पहिला साहेब मूर्ख होता, दुसरा विकला गेलेला. दोघांचा चष्मा एकच होता.

ठसे पुसावेत तर पुरावा नष्ट केला म्हणून तीच आत जाणार. गप्प बसावं तर पट्टा जाणार. तोंड उघडावं तर साचा कुठून आला हे निघणार, आणि आबांचं नाव निघणार. घरी जाऊन तिने आबांना एवढंच विचारलं, “उद्या तुमचं नाव घ्यावं लागलं तर?”

“घे,” आबा म्हणाले. “काचेखाली नाही तर पंचनाम्यात. नाव लागलं म्हणजे झालं.” पण ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

समिती आली ती दोन गाड्यांतून. अध्यक्षबाई साठीच्या, पांढरे केस बारीक कापलेले, पायांत चिखलाचे बूट. सोबत समितीचे दोन सभासद, त्यातला एक सारखा पाणी पीत होता. मागच्या गाडीतून रिसॉर्टवाल्यांचा तज्ज्ञ उतरला. त्याच्या टोपीला इतके खिसे होते की तो डोक्यावर सामान घेऊन फिरतोय असं वाटत होतं. साहेब सगळ्यांना दगडांवरून जपून नेत होते, इथे पाय ठेवा, इथे नको. बुलेटिन जीपला टेकून उभा होता आणि त्याचे कान मात्र चिखलापर्यंत आले होते.

“दाखवा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

साहेबांनी तिला खूण केली. ती पहिल्या घमेल्यापाशी वाकली, त्याच्या कडेला हात लावला, आणि तशीच थांबली. तज्ज्ञ तिच्या बाजूला येऊन उभा राहिला होता. त्याने भिंग काढलं नव्हतं. टेप काढली नव्हती. तो लग्नात फोटोसाठी उभा राहतात तसा हात बांधून उभा होता, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आधीच येऊन बसलं होतं.

ती घमेलं न उचलता सरळ झाली.

“बाई, हे उचलायच्या आधी मला सांगायचंय. हे ठसे खोटे आहेत.”

साहेब म्हणाले, “अहो...”

“साच्याने उमटवलेले आहेत. सगळेच्या सगळे एकाच...”

“डाव्या मागच्या पायाचे! तेच तर मी दाखवणार होतो!” तज्ज्ञ उसळून म्हणाला. त्याच्या तोंडचा घास कुणी पळवल्यासारखा त्याचा आवाज झाला होता. “हे लोक समितीला फसवतायत, मी पहिल्यापासून...”

“थांबा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

त्यांनी झाकलेल्या घमेल्यांकडे पाहिलं. मग तज्ज्ञाकडे पाहिलं.

“तुम्ही इथे याआधी आला होतात?”

“नाही. म्हणजे, आत्ताच.”

“एक तरी घमेलं उचललं?”

तज्ज्ञाने टोपी काढली आणि परत घातली. पाणी पिणाऱ्या सभासदाने बाटलीचं झाकण लावलं.

“त्यांनी अजून पाय कुठला ते सांगितलं नव्हतं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “तुम्हाला न बघता कळलं. नजर फारच चांगली आहे तुमची.”

“ऐकलं होतं. कुणाकडून तरी.”

“कुणाकडून?”

त्याची नजर एकदा साहेबांकडे गेली आणि एकदा जीपकडे. कुठे आधी गेली ते वनपालबाईला नंतर कितीही आठवलं तरी ठरवता आलं नाही.

मग सगळी घमेली उचलली गेली. अध्यक्षबाईंनी तिला विचारलं, साचा कुठून आला असेल. तिने सांगितलं: असे जुने साचे आमच्या घरी आहेत, माझ्या सासऱ्यांनी भंगारातून वाचवलेले. त्यातला एक मागच्या महिन्यात साहेब मांडायला म्हणून घेऊन गेले, असं सासरे सांगतात. मी पाहिलेलं नाही. माहिती केंद्रात तो नाही, हे मी पाहिलंय. तिने एवढंच सांगितलं, आणि सांगताना साहेबांकडे बघितलं नाही.

“म्हणजे बिबट्या इथून जात नाही,” तज्ज्ञ मधेच म्हणाला.

“ते मला माहीत नाही,” ती म्हणाली. “जात असेल, नसेल. आम्ही कॅमेरे लावले ते कुणीतरी नेले. ठसे मिळाले ते कुणीतरी केले. जनावराला अजून कुणी विचारलेलंच नाही.”

अध्यक्षबाई सभासदांना बाजूला घेऊन बोलल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पट्टा तूर्त उद्यानातच राहील. बाहेरचं पथक येऊन पूर्ण एक हंगाम पाहणी करेल, आणि त्यात ना इथल्या ऑफिसचा हात लागेल ना रिसॉर्टवाल्यांचा. दुसरं, हे खोटे ठसे आता पुरावा आहेत. पंचनाम्याला माणसं जिल्ह्यातून येतील, त्यांना पोहोचायला संध्याकाळ होईल. तोवर इथल्या चिखलाला कुणी बोट लावायचं नाही.

गाड्या गेल्या. बुलेटिनला साहेबांनी पंचनाम्याच्या लोकांना आणायला पाठवलं, आणि तो आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता गेला. काठावर दोघंच उरले.

“बाई, तुम्ही जा घरी,” साहेब म्हणाले. “सकाळपासून उभ्या आहात. मी थांबतो इथे.”

“नको साहेब. मी थांबते. तुम्ही जा.”

“मी जाऊन काय करू?”

ती दगडावर बसली. साहेबही थोड्या अंतरावरच्या दगडावर बसले. मधे चिखल होता, आणि त्यात ती ओळीने उमटलेली एकाच पायाची पावलं. लव्हाळ्यांत एक पाणकोंबडी ओरडत होती.

“केलं मीच,” साहेब म्हणाले. “पण पट्टा राहावा म्हणून केलं. तुम्हाला काय वाटलं, पैसे खाल्ले मी?”

ती समोरच्या पावलांकडे बघत राहिली.

“सात वर्षं या नकाशावर काम केलंय. माझ्या हयातीत तिथे स्विमिंग पूल झालेला मला बघायचा नव्हता. मला तुमच्यासारखं माग काढता येत नाही. पुस्तकात डावा मागचा लिहिलंय, आबांच्या पेटीत डावा मागचा होता. मला वाटलं, तोच चालतो.”

“मग त्या माणसाला कुणी सांगितलं?”

“बुलेटिनने. साचे तुम्ही ऑफिसात टेबलावर उघडे मांडले होते. त्याच्या पोटात काय राहतं?”

हे खरं असू शकत होतं. बुलेटिनने टेबलावर पाहिलंही होतं, आणि चपलेचा विनोदही केला होता.

“आणि घमेली? साचे असताना ठसे झाकून का ठेवलेत?”

“समितीने मागितले होते.”

“तज्ज्ञ येणार हे मला शेवटच्या दिवशी का सांगितलंत?”

“मलाच शेवटच्या दिवशी कळलं.”

प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं. तिने आबांना विचारलं होतं तेव्हा त्यांना एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नव्हतं. नुसते चिडले होते, घाबरले होते, ताट सारून उठले होते.

साहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग ते उठले आणि चिखलाच्या कडेला एक पाऊल पुढे आले.

“पाय अवघडलाय,” ते म्हणाले.

“मागच्या बाजूला फिरा साहेब,” ती म्हणाली. “तिकडे जागा आहे.”

ते तिच्याकडे बघत उभे राहिले. “बाई, खरंच विश्वास नाही?”

“ठेवायची फार इच्छा आहे साहेब. म्हणूनच जरा मागे सरका.”

साहेब मागे सरकले आणि आपल्या दगडावर जाऊन बसले. तिने आपला दगड सोडला, चिखलाला वळसा घालून ठशांच्या आणि साहेबांच्या मधे येऊन उभी राहिली, आणि जीपच्या रस्त्याकडे पाठ करून साहेबांच्या हातांकडे बघत राहिली.